बदकाची अठ्ठेचाळीस अंडी

मी नोकरीत काय करत होतो असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. ‘कुक्कुट विकास विभागात होतो’ म्हटलं की समोरचा माणूस आदराने मान हलवतो. ‘म्हणजे नेमकं काय?’ असा पुढचा प्रश्न आला, की खरं सांगावं लागतं. अंडी एका जागेवरून दुसऱ्या जागी फुटू न देता नेणं, यात माझ्या आयुष्याची बरीच वर्षं गेली.

आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. मुलाखतीला गेलो तेव्हा अंगावरचा कोट हायस्कूलच्या हेडमास्तरांचा होता आणि बूट त्यांच्या मेव्हण्याचे. निवड झाल्यावर गावात पेढे वाटले. पारावर आमच्या चुलत्यांनी मोठ्याने विचारलं, “काय साहेब झाला म्हनं रं तू?” मी कामाचं स्वरूप सांगितलं. चुलते म्हणाले, “आमची कोंबडी हेच काम अडाणी ऱ्हाऊन करत्या की रं.”

तेव्हा मला राग आला होता. पुढे अनुभवाने कळलं, की कोंबडी हे काम माझ्यापेक्षा चांगलं करते, कारण तिला वरिष्ठ नसतात.

वाचकांना या धंद्याची थोडी माहिती द्यायला हवी. उबवणीचं अंडं दोन वेळेलाच हलवावं. एक, उबवणीला लावण्यापूर्वी. तेव्हा ते गार असतं, भुशात नीट बसवून, टोक खाली ठेवून मैलोन्‌मैल नेता येतं. नाहीतर सरळ पिल्लू बाहेर आल्यावर, खोक्यात घालून न्यावं. मधल्या दिवसांत अंडं हलवायचं म्हणजे नववा महिना लागलेल्या बाईला एस.टी.च्या मागच्या बाकावर बसवण्यासारखं. कोंबडीचं पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर येतं, बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात. शेवटच्या दोन दिवसांत पिल्लू आतला पडदा फोडून अंड्यातल्या हवेच्या कप्प्यात चोच घालतं आणि पहिल्यांदा श्वास घेतं. तेव्हापासून ते आतून ओरडू लागतं. मग कवचाला बारीक तडे पाडतं, दमतं, झोपतं, पुन्हा ठोकू लागतं. या काळात त्याला ऊब लागते, ओलावा लागतो आणि हवा लागते. ही हवा कवचाच्या बारीक छिद्रांतून आत जाते. एवढं कळलं की पुढची हकिगत कळेल.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट आहे. पन्हाळ्याच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाला छोटं तळं होतं. त्या तळ्याकाठी गौराक्का राहायच्या. नवरा लवकर गेलेला, पोरी नांदायला गेलेल्या. त्यांच्याकडे चाळीसभर कोंबड्या होत्या आणि त्यांवर त्यांचं घर चालायचं. त्या वर्षी गावात कोंबड्यांचा मानमोडीचा रोग आला. आठवड्यात खुराडं रिकामं झालं. आमच्या विभागाची लस त्यानंतर नवव्या दिवशी पोचली, मीच ती घेऊन गेलो. एक म्हातारी कोंबडी तेवढी शिल्लक होती. नियमाप्रमाणे मी तिला लस टोचली आणि रजिस्टरवर गौराक्कांचा अंगठा घेतला.

अंगठा पुसत त्या म्हणाल्या, “साहेब, आता हिला जगवून काय लोनचं घालू व्हय?”

मला फार लाज वाटली. त्या भरात मी चावडीसमोर, चार माणसांत शब्द दिला, की गौराक्का, तुम्हाला बदकं देतो. बदकांना हा रोग सहसा बाधत नाही, तळं तुमच्या दारात आहे, आणि अंडं कोंबडीच्या अंड्याहून मोठं.

“बघा हां,” त्या म्हणाल्या. “आनून न्हाई दिलासा तर तुमच्या हापिसच्या दारात येऊन बसीन.”

मी कार्यालयात प्रस्ताव दिला. लांबच्या एका सरकारी केंद्रातून बदकाची साठ अंडी मागवली आणि आमच्या कोल्हापूरच्या उबवणी यंत्रात लावली. पिल्लं झाली की गौराक्कांना द्यायची, इतकं साधं काम होतं. पण आमच्या मोठ्या साहेबांनी कॅलेंडर पाहिलं. अठ्ठाविसावा दिवस ज्या दिवशी येत होता, त्याच दिवशी त्या गावात एका मोठ्या पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला होता.

साहेबांनी मला बोलावलं. “पाहुण्यांच्या हस्ते बदक विकास योजनेचं उद्घाटन करू. व्यासपीठावर, सगळ्यांसमोर पिल्लू अंड्यातून बाहेर येईल. अकरा वाजता.”

“साहेब, पिल्लू त्याच्या वेळेला बाहेर येतं.”

“अकराला का नाही? तुम्ही पदवीधर आहात ना?”

दुसऱ्या दिवशी लेखी आदेश आला. ‘उद्घाटनप्रसंगी पिल्ले अंड्यांतून बाहेर येतील, याची संबंधितांनी दक्षता घ्यावी.’ संबंधित म्हणजे मी. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि ती करणारी सही साहेबांची होती. आदेशाची एक प्रत बदकांनाही द्यावी, असं मनात आलं. पण मी फक्त ‘पोच’ लिहून सही केली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी अंधाऱ्या कोठीत अंडी तपासली. डब्याला भोक पाडून आत बल्ब बसवलेला असतो, त्या भोकावर अंडं धरायचं. आत उजेड पडतो आणि सगळं दिसतं. बारा अंडी निर्बीज निघाली, ती बाजूला काढली. उरलेल्या अठ्ठेचाळीस अंड्यांत मला हालचाल दिसली. एकेका अंड्यावर मी शिसपेन्सिलीने नंबर घातला, एक ते अठ्ठेचाळीस. शेवटचा नंबर घालताना इतका आनंद झाला, की तिथल्या तिथे गौराक्कांना निरोप धाडला, खुडूक कोंबड्या तयार ठेवा. खुडूक म्हणजे अंड्यावर बसायला टेकलेली कोंबडी. आमच्याकडे अशी कोंबडी शेजारणीला उसनी देण्याची रीत आहे, विरजणासारखी. गौराक्कांनी गावातून तीन गोळा केल्या.

सकाळी मी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आणायला दवाखान्यात गेलो आणि अर्ध्या तासात परत आलो. उबवणी खोलीत आमचा शिपाई गणपा पाटावर बसून, जिभेचं टोक बाहेर काढून अंडी पुसत होता. शेजारी पाण्याचं भगुलं होतं आणि खोबरेल तेलाची बाटली.

“गणपा, हे काय करतोस?”

“मोठ्या साहेबांनी सांगितलंय. अंडी लई मळकी दिसाल्यात म्हनं. पावण्यांम्होरं चमकाय पायजेत.” त्याने एक अंडं उजेडाला धरलं. “बघा की कशी झाल्यात. आनि तेल सादं न्हवं, घरनं आनलंय, वासाचं.”

बारा अंडी चमकत होती. त्यांच्यावरचे माझे नंबर पुसले गेले होते. मघाशी सांगितलेली ती बारीक छिद्रं तेलाने बुजतात. नाकातोंडावर उशी दाबल्यासारखंच ते. मी गरम पाण्यात फडकं पिळून ती बारा अंडी पुन्हा पुन्हा पुसली. पण कवचाने तेल पिऊन टाकलं होतं. गणपा बाजूला उभा राहून खिन्नपणे बघत होता. एवढ्या मेहनतीची किंमत नाही, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तेवढ्यात साहेब आत आले. मी म्हणालो, “साहेब, तेलामुळे या अंड्यांतली...”

“वा!” साहेब म्हणाले. “ही बारा पुढच्या रांगेत ठेवा.”

यावर मी काय बोलायला हवं होतं ते आजही मला तोंडपाठ आहे. मी बोललो ते असं: “हो साहेब.”

जीप धक्के देते म्हणून साहेबांनी अंड्यांसाठी स्वतःची मोटार देऊ केली. हा त्यांचा मोठेपणाच. पण मोटारीबरोबर ते स्वतःही आले. मोठ्या पाटीत भुसा, भुशाभोवती गरम पाण्याच्या पिशव्या, वर ओलसर फडकं आणि त्यावर घोंगडं, अशी अंडी मागच्या सीटवर बसवली. शेजारी मी पाटी धरून बसलो. साहेब पुढे.

आमचे ड्रायव्हर दस्तगीरमामा कबनूरचे. त्यांचे सगळे भाऊ यंत्रमागावर होते, हे एकटेच चाकावर. निघताना त्यांनी खिशातून एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा खडा काढून पाटीत खोचला.

“आमच्या अम्मीनं दिलंय. ढग गरजला तर अंडी नासत न्हाईत.”

मी पदवीधर असल्यामुळे जरा हसलो. पण खिळा राहू दिला.

मामांनी मोटार अशी चालवली, की बैलगाड्या आम्हाला मागे टाकून जात होत्या. एका गाडीवानाने वाकून आत पाहिलं आणि विचारलं, “बाळंतीन हाय व्हय आत?”

“व्हय. अठ्ठेचाळीस,” मामा म्हणाले.

साहेबांना उकडत होतं. त्यांनी काच खाली केली. मी विनंती केली, साहेब, वारा लागतो. त्यांनी काच चार बोटं वर घेतली आणि सिगारेट पेटवली. केर्लीजवळ साहेबांच्या ओळखीचे एक गृहस्थ रस्त्यावर उभे होते, त्यांनी हात केला. कोल्हापूर जिल्ह्यात ओळखीच्या माणसाने हात केल्यावर गाडी थांबली नाही, तर तीन पिढ्या बोलणं बंद होतं. “घाई हाय” म्हणून भागत नाही. “घाई हाय तर अर्दा कप घ्या” असं उत्तर येतं आणि मग येतो तो कपभर बासुंदी चहा. मी मोटारीतून उतरलो नाही, तर ते गृहस्थ खिडकीशी येऊन म्हणाले, “पावणं रुसल्यात जनू.” मग एका हाताने घोंगडं दाबून धरत दुसऱ्या हाताने मी चहा प्यालो.

वाघबिळाचा चढ लागायच्या आधी साहेब एकदम म्हणाले, “दस्तगीर, गाडीत काहीतरी वाजतंय. चाकाला ग्रीस लावलंय का?”

मामांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. सगळे कान देऊन ऐकू लागलो. घोंगड्याखालून आवाज येत होता, बारीक, चिवट, एकाच वेळी पुष्कळ गळ्यांचा.

“चाक न्हवं सायब,” मामा हळूच म्हणाले. “पोरं बोलाय लागल्यात.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या अंगावर काटा आला असेल, तर तो तेव्हा. साहेबांनी घड्याळात पाहिलं. “छान. वेळेवर आहेत.”

बदकं वेळेवर होती. पाहुणे नव्हते. आम्ही साडेदहाला पोचलो. गावात मांडव होता, लेझीम होतं, खुर्च्या होत्या. पाहुणे कुठल्याशा कारखान्यावर अडकल्याचा निरोप आला होता. साहेबांनी पाटी व्यासपीठावर, टेबलावर ठेवायला लावली. घोंगडं काढलं, कारण ते चांगलं दिसत नव्हतं. चमकणारी बारा अंडी पुढे मांडली. पाहुण्यांसाठी भाड्याने आणलेला टेबलफॅन पाटीच्या मागेच फिरत होता. मी त्याचं तोंड दुसरीकडे वळवलं. साहेबांनी ते परत वळवलं. साडेअकरापर्यंत आमचं हे काम न बोलता चाललं.

मग गौराक्का आल्या. नवं लुगडं नेसून, योजनेच्या लाभार्थी म्हणून पहिल्या रांगेत बसायला. त्यांनी पाटी पाहिली आणि खुर्ची सोडून थेट व्यासपीठावर चढल्या. हात फिरवून अंडी चाचपली.

“आवं, हे काय? टिचल्यात की ही! अशा वाऱ्यावर मांडल्यासा, पोरं गारठून मरतील न्हवं!”

साहेब म्हणाले, “बाई, कार्यक्रमाआधी कुणी हात लावायचा नाही.”

“मग कोंबडीला सांगा की कार्यक्रम. ती थांबती का बघू.”

मांडवात हशा झाला. साहेबांचा चेहरा उतरला. गौराक्का माझ्याकडे वळल्या. नुसत्या बघत राहिल्या. चावडीसमोर दिलेला शब्द माझाच होता.

तेव्हा मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशारीची सूचना केली. साहेबांच्या कानाशी लागून म्हणालो, “साहेब, लोकांना पुढची रांगच दिसते. ती चमकणारी बारा ठेवू. मागची मळकी दिसतात, ती आत उबेला नेतो.”

साहेबांना पटलं. छत्तीस अंडी गौराक्कांनी पदराखाली घेऊन घरी नेली आणि तीन कोंबड्यांखाली वाटली. मी स्वतःवर खूष होतो. छत्तीस वाचवली. कोणती बारा सोडून दिली याचा विचार करायला वेळ नव्हता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

पाहुणे दीड वाजता आले. भाषणं झाली. साहेबांनी भाषणात पाटीतल्या खिळ्याकडे बोट दाखवून ‘लोहखंडाच्या साहाय्याने उबवणीची आधुनिक पद्धत’ असा उल्लेख केला. मामा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, त्यांनी टोपी तोंडावर ओढून घेतली. मग पाहुण्यांनी एक चमकणारं अंडं उचललं. माणूस मूळचा शेतकरी होता. त्यांनी ते सहज कानाला लावलं. त्यांचा चेहरा बदलला.

“आतनं ठोकालंय की हे,” ते म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वाजवल्या, की पुढे ते काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. फोटो निघाला. पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता. त्यांनी अंडं जपून पाटीत ठेवलं आणि ते गेले. त्यांच्याबरोबर साहेब गेले, लेझीम गेलं. पंखा तसाच फिरत होता. तो बंद करून मी ती बारा अंडी गौराक्कांकडे पोचवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मला जीपमधून परत तिथे घेऊन गेले. गौराक्कांच्या पडवीत पिवळ्याकरड्या पिल्लांचा नुसता गलका होता. छत्तीसपैकी तेहतीस बाहेर आली होती. एक कोंबडी आपल्या पोरांच्या चपट्या चोची बघून चक्रावली होती. गौराक्का हसत होत्या, त्यांनी मला गूळ-पाणी दिलं. मग त्यांनी कोपऱ्यातली परडी पुढे ओढली. बारा अंडी, अजून चमकत होती.

“ही का न्हाई फुटली ओ?”

मी पदवीधर माणूस. उत्तर तयार होतं. “वांझ होती, गौराक्का. काही अंडी निघतात तशी.”

एक अंडं उचलून त्यांनी उखळाच्या काठावर हलकेच टिचवलं, कवच सोलून काढलं आणि हाताचा तळवा माझ्यापुढे धरला. आत पुरं झालेलं पिल्लू होतं. पिसं, पाय, सगळं. चोच पडद्यातून बाहेर आलेली.

“वांज अंड्याला चोच असती व्हय, साहेब?”

त्यांनी अंड्याचं कवच नाकाशी नेलं. “खोबरेल,” त्या म्हणाल्या. “वासाचं हाय.”

मग मी सगळं सांगितलं. गणपाचं, साहेबांचं आणि ‘हो साहेब’चंही. त्यांनी ऐकून घेतलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पिल्लं ओरडू लागली म्हणून त्या उठून गेल्या.

कार्यालयात अहवाल मीच लिहिला. ‘अठ्ठेचाळीसपैकी बारा अंडी निर्बीज.’ अंधाऱ्या कोठीत मी त्या प्रत्येकात हालचाल पाहिली होती. नोकरी कायम झाली. पाहुण्यांच्या कानाला लावलेल्या अंड्याचा फोटो कार्यालयात लागला आणि मी निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलासमोर होता. खाली लिहिलं होतं: ‘यशस्वी बदक विकास.’

गौराक्कांची बदकं मात्र खरोखर वाढली. संध्याकाळी ती तळ्यावरून रांगेने घरी निघाली, की पन्हाळ्याची एस.टी. उभी राहायची. कंडक्टर खाली उतरून मोजायचा, मग घंटी द्यायचा. पुढे आजूबाजूच्या गावांनाही मी अंडी पोचवली, बहुतेक मामांच्याच गाडीतून. खिळा आणि कोळसा घेतल्याशिवाय आम्ही निघत नव्हतो. खिळ्याने काय होतं ते मला माहीत नाही. पण जो माणूस पाटीत खिळा ठेवायला विसरत नाही, तो बाकीचंही विसरत नाही, एवढं मी पाहिलं आहे.

बऱ्याच वर्षांनी विभागाने अंडी वाहतुकीची पुस्तिका काढली. मजकूर मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं: ‘अंड्यांना तेल लावू नये.’ वरिष्ठांनी ते तांबड्या पेनाने खोडलं आणि समासात लिहिलं, ‘असे कोण करते? अनावश्यक.’ तेव्हा मी स्वतः बऱ्यापैकी मोठा साहेब झालो होतो. तरी मी ‘हो साहेब’ म्हणालो. म्हणून ते वाक्य इथे छापायला देत आहे.

गौराक्कांकडे मी नंतरही दरवर्षी अंडी घेऊन जात होतो. ज्या दिवशी जायचं, त्या दिवशी केसाला तेल लावत नसे. घरात यावरून चेष्टा होई. निवृत्तीच्या आधी शेवटची पाटी नेली तेव्हा त्या पार थकल्या होत्या, नजर गेली होती. मामांच्या आवाजावरून त्यांनी आम्हाला ओळखलं.

“आलासा व्हय साहेब? बसा. पाटी हितं नगा ठेवू अजून.”

मी ओळखून दोन्ही हात पुढे केले. त्या बारा अंड्यांनंतरच्या पहिल्या फेरीपासूनची रीत होती ती. त्यांनी माझे हात धरून नाकाशी नेले, आधी उजवा, मग डावा, आणि सावकाश वास घेतला.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता द्या.”